सही करण्याआधी

आज कायद्याची पदवी घेतलेल्या मित्रमैत्रिणींनो,



मी कायदा शिकलो तो सकाळच्या वर्गांत. कल्याणहून पहाटेची लोकल पकडून ठाण्याला यायचे, व्याख्याने ऐकायची आणि तिथूनच नोकरीवर पळायचे. वर्गातली बरीच मुले अशीच होती. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात. शिक्षक विद्वान होते. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा त्यांनी कलमागून कलम पाठ करून घेतला. पण एवढ्या वर्षांत कुणी आमच्या हातात खरा सातबारा दिला नाही. खरेदीखत मी पहिल्यांदा पाहिले ते सनद मिळाल्यावर, कल्याणच्या कोर्टात.

कायद्याच्या शिक्षणाचा प्रश्न आजचा नाही. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातले कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे, यावर त्यांनी १९३६ साली महाविद्यालयाच्या मासिकात लेख लिहिला. शोधून वाचा.

मी ज्यांच्याकडे उमेदवारी केली ते जुन्या वळणाचे दिवाणी वकील. पक्षकाराने आणलेला कागद आधी त्याच्यासमोर मोठ्याने वाचायचा, इंग्रजी असेल तर मराठीत सांगत जायचे, आणि मगच मत द्यायचे, असा त्यांचा दंडक होता. एकदा शहाडकडचे एक म्हातारे शेतकरी पुतण्याला घेऊन आले. बिल्डरने जमीन भाड्याने घेतो म्हणून अंगठा घेतला होता. वाचायचे काम माझ्याकडे आले. पाने उलटत गेलो, आणि मधेच जमीन विकण्याचे सगळे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र निघाले. आजोबा म्हणाले, "बाला, परत वाच." मी परत वाचले. शेवटच्या पानावर, हा दस्त लिहून देणाऱ्यास समजावून सांगितला आहे, असे छापलेले होते आणि त्याखाली एका वकिलाची सही होती. आजोबांनी त्या वकिलाचे तोंडही पाहिलेले नव्हते. आम्ही दावा लावला. निकाल लागला तोवर आजोबा हयात राहिले नव्हते.

या व्यवसायावरचा माझा सगळ्यात जुना राग आहे तो त्या सहीवर. ती सही कशी होते तेही सांगतो. ज्युनियरला वर्षानुवर्षे प्रवासखर्चापुरतेही पैसे न देणारी ऑफिसे मी पाहिली आहेत. शिकवणे हेच मानधन, असे तिथे सांगतात आणि शिकवत मात्र काहीच नाहीत. घरी हप्ते थकलेले असताना त्या मुलापुढे कुणी तयार कागद सरकवतो, खाली सही कर म्हणतो, आणि तो करतो. ही लूट आहे, आणि ज्येष्ठ वकील संघटनांनी त्यावर उघड बोलले पाहिजे.

न तपासता सही केली की काय होते, ते पाहायला आता डोंबिवलीकडे या. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्यांच्या आधारावर महारेरा या गृहबांधणी नियामकाकडे नोंदणी झाली आणि ६५ इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करार होते. पुष्कळांच्या डोक्यावर गृहकर्ज होते. चोरी कुणी केली ते तपासयंत्रणा आणि न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न आपल्या धंद्याला आहे. एवढ्या व्यवहारांत किती वकिलांनी तो परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन मूळ नोंद पाहिली? नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू पाहणे आणि टायटल, म्हणजे मालकी हक्क, स्वच्छ असल्याचे लिहून देणे, एवढ्यावर काम संपले असे आपण मानत आलो.

जग जवळ आले, असे तुम्हाला वर्गात सांगितले असेल. ते खरे आहे. परदेशी लॉ फर्मना इथे येऊ द्यावे का, यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिले. २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून परकीय कायद्याच्या कामापुरते दार उघडले. तुमच्यातले काही तिकडे जातील. जरूर जा. तिथे परदेशी कंपनी इथला कारखाना घेते तेव्हा वकिलांची अख्खी फौज एकेक परवाना मुळापासून तपासते. ती शिस्त शिकून घ्या. पण डोंबिवलीचा फिटर आयुष्याची कमाई घालून वन बीएचके घेतो, तेव्हा त्याच्यासाठी एवढे कष्ट घेणारा एक तरी वकील असायला नको का? कामगारांचीही हीच गत. आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. तिथल्या कामगारांच्या देण्यांचे भांडण पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापर्यंत गेले. कामगार न्यायालयात आयुष्य घालवलेल्या वकिलांना २०१६ ची दिवाळखोरी संहिता नव्याने शिकावी लागली. जागतिक भांडवलाचा कायदा तिथल्या मोहन्याच्या कामगार चाळीत असा येऊन पोहोचतो, आणि तिथे तो समजावून सांगणारे कुणी भेटत नाही.

याचे मूळ पुन्हा शिक्षणात आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदा लेखन, व्यावसायिक नीती, मूट कोर्ट आणि इंटर्नशिप सक्तीची केली. विधी साहाय्य केंद्रही हवे असे सांगितले. मी परीक्षक म्हणून गेलो तिथे प्रात्यक्षिकाच्या एकाच जर्नलच्या प्रती वर्गभर फिरलेल्या पाहिल्या आणि केंद्राच्या खोलीला कुलूप पाहिले. माझी सगळ्या विधी महाविद्यालयांना आग्रहाची मागणी आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दर शनिवारी घरखरेदीदारांसमोर बसवा, शेजारी प्राध्यापक असू द्या, आणि परवानगीची नोंद प्रत्यक्ष तपासून आणल्याशिवाय मसुदा लेखनाचे गुण देऊ नका.

आणि तुम्ही, मित्रांनो, मालकी हक्क तपासल्याच्या पहिल्या सर्च रिपोर्टवर सही कराल त्या दिवशी आधी कल्याणच्या शंकरराव चौकात महापालिकेत जा. नगररचना विभागात उभे राहा आणि मूळ नोंद मागा. नोंद सापडली नाही तर सही करू नका. हे काम दुसऱ्या वकिलाकडून करून घेतो, असे सांगून बिल्डर उठून गेला, तरीही करू नका.