फळ्यामागचे डबे

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका मेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय आहे, 'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर'. तुमच्यातले बरेच जण लवकरच कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवायला लागतील. म्हणून ॲपची यादी वाचत बसत नाही. फळ्यापासून सुरुवात करतो.

फळा हेही वर्गातलं तंत्रज्ञानच. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला बाबासाहेबांचा प्रसंग तुम्ही त्यांच्या चरित्रात वाचला असेल. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. सवर्ण मुलं आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवत. डबे बाटतील म्हणून ती मुलं आधी धावली, डबे हलवले, आणि मगच भीमराव फळ्यापर्यंत पोचले. फळा सगळ्यांचा होता, पण तिथपर्यंतची वाट सगळ्यांची नव्हती. म्हणून वर्गात कुठलंही नवं साधन आलं की मी पहिल्यांदा हेच बघतो, की याच्यामागे कुणाचे डबे ठेवलेत?

हे मला उशिरा कळलं. कसं कळलं ते सांगतो.

माझे वडील सेंट्रिंगच्या कामावर जायचे. घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजच्या लॅबमध्ये दोघांत एक संगणक असायचा आणि माउस कायम शेजारच्याच्या हातात. 'तू बघ, मी करतो,' असं तो म्हणायचा. मी तीन वर्षं बघितलं. पुढे अर्थशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा माझ्या वर्गातही तेच चाललेलं. 'कळलं का?' विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून 'हो सर' यायचं. मागचे गप्प. चाचणी घेतली की अर्ध्या वर्गाला काहीच कळलेलं नसायचं.

मग एका प्रशिक्षणात कहूत शिकलो. पडद्यावर प्रश्न, मुलांच्या फोनवर रंगीत बटणं, बरोबर उत्तर जितकं लवकर तितके जास्त गुण, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाच जणांची नावं पडद्यावर. मी हौसेने लावलं. वर नियम केला, टोपणनाव चालणार नाही, पूर्ण नाव लिहा. पडद्यावर एकेक नाव येऊ लागलं. एका मुलाचं आडनाव आलं तसं कुणीतरी हळूच म्हणालं, 'स्कॉलरशिप'. दोघे-तिघे हसले.

मी ते ऐकलं होतं. आणि मी पुढचं बटण दाबलं.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, 'सर, मला उत्तरं येत होती. पण फोनवर बटणं उमटेपर्यंत वेळच संपायचा.' भावाचा जुना फोन होता तिच्याकडे. म्हणजे मी डोकं तपासतोय असं समजत होतो आणि तपासत होतो नेटवर्क. एकाची जात पडद्यावर आणली, दुसरीची गरिबी गुणांत मोजली. मला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. मी स्वतः केलं, आपल्याच मुलांच्या बाबतीत.

हा प्रश्न एका वर्गाचा नाही. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या 100 घरांपैकी जेमतेम 4 घरांत संगणक होता आणि 15 घरांत इंटरनेटची सोय. शहरांत हेच आकडे 23 आणि 42 होते. त्यानंतर दोनच वर्षांत सगळं शिक्षण ऑनलाइन गेलं. आता फोन वाढलेत, खरं आहे. पण एक फोन आणि शिकणारी तीन भावंडं, हे घर तुम्हाला मी वेगळं दाखवायला नको.

मग तंत्रज्ञान टाकून द्यायचं का? मुळीच नाही. ज्यांच्या हातात माउस आला नाही त्यांनीच ते सोडून द्यावं, हा कुठला न्याय?

मी प्लिकर्स वापरायला लागलो. यात मुलांना फोन लागत नाही. प्रत्येकाला कागदावर छापलेलं एक कार्ड. त्यावरची चौकोनी नक्षी प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी हे चार पर्याय. हवा तो पर्याय वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने आपला फोन वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं टिपली जातात. अक्षर बारीक असतं आणि नक्षी वेगवेगळी, त्यामुळे शेजाऱ्याला तुमचं उत्तर सहज कळत नाही. कुणी काय उत्तर दिलं ते माझ्या फोनवर दिसतं. पडद्यावर मी फक्त आलेख दाखवतो, नावं नाही.

पहिला प्रश्न टाकला: महागाईचा दर 8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तर किमतींचं काय झालं? बहुतेकांचं उत्तर, किमती कमी झाल्या. पुढच्या दोन बाकांचंही तेच! उत्तर न सांगता मी म्हटलं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला आणि पुन्हा कार्ड धरा. वर्गात कालवा झाला. शेवटच्या बाकावरून तीच जुन्या फोनवाली मुलगी पुढच्यांना समजावत होती, 'तेलाचा डबा 1000 चा 1080 झाला, 8 टक्के. मग 1080 चा 1134 झाला, 5 टक्के. दर उतरला, डबा कुठं स्वस्त झाला?' तिची आई चार घरी स्वयंपाकाला जाते. किराण्याचा हिशोब तिच्याकडे असतो. दुसऱ्यांदा फोन फिरवला तेव्हा आलेख पालटला होता.

तुम्ही वर्गावर जाल तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. पूर्ण नावाचा आग्रह धरू नका. कहूत वापरायचं तर टोपणनाव चालू द्या, वेळ वाढवा. गुगल फॉर्मवर मत विचारताना ईमेल घेण्याची सोय बंद ठेवा. ज्याला प्रत्येकाकडे फोन लागतो त्यापेक्षा एका फोनवर चालतं ते आधी निवडा. आणि शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गाच्या रकान्यासकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. ऑफिसने सांगितलं तरी टाकू नका. ज्याचं त्याला कळवा.

शेवटचं. त्या दिवशी हसलेल्यांना कुठलंही ॲप थांबवणार नव्हतं. ते माझं काम होतं. आठवड्याने मी वर्गात उभा राहून म्हणालो, 'त्या दिवशी एक शब्द मी ऐकला आणि गप्प बसलो. चूक झाली. स्कॉलरशिप मीही घेतलीय. ती भीक नाही, हक्क आहे.' वर्ग शांत होता. तो मुलगा खाली बघत होता. तास संपल्यावर काही न बोलता निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर येऊन बसला होता.

डबे कुणी ठेवले हे आपल्याला माहीत आहे. आता फळ्याजवळ आपण उभे आहोत. ते हलवणं आपल्याकडे आहे.

जय भीम.