स्नेहमंडळाचे सेवामंडळ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शिकागो शहर झपाट्याने वाढत होते. लहान गावांतून आलेल्या होतकरू माणसाला तेथे पैसा मिळे. मनमोकळे बोलायला स्नेही मात्र मिळत नसे. पॉल हॅरिस हा वकील अशांपैकीच एक. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणींचा अभियंता गस्टाव्हस लोअर आणि शिंपीकामाचा व्यावसायिक हायरम शोरी असे चौघे लोअरच्या कचेरीत जमले. पुढील बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या. या फिरतीवरूनच मंडळाला ‘रोटरी’ हे नाव पडले.

रोटरी म्हटले की आज सेवाकार्य डोळ्यांपुढे येते. पहिल्या घटनेत मात्र सेवेचा उल्लेखही नव्हता. सभासदांच्या धंद्याची भरभराट आणि आपसांतील स्नेहवृद्धी, एवढीच दोन उद्दिष्टे होती. एकमेकांना मिळवून दिलेल्या कामाची रीतसर नोंदही ठेवली जाई.

१९०६ साली डोनाल्ड कार्टर या वकिलाला सभासदत्वाचे निमंत्रण गेले. त्याने ते नाकारले. केवळ स्वतःचे हित पाहणारे मंडळ फार काळ टिकत नाही. शहरासाठी काही केले तरच त्याच्या अस्तित्वाला अर्थ राहील, असे त्याचे म्हणणे होते. मंडळाने राग धरला नाही. शहराचे हित साधणे व नागरिकांत शहराविषयी आस्था वाढविणे, हे तिसरे उद्दिष्ट घटनेत घातले गेले आणि कार्टर सभासद झाला.

या शब्दांची कसोटी लागली ती सार्वजनिक शौचगृहाच्या कामी. मद्यविक्रेत्यांनी व मोठ्या दुकानदारांनी विरोध केला. आमच्याकडे सोय आहेच, असा त्यांचा दावा. पण त्या सोयीसाठी पुरुषाला पेला आणि स्त्रीला काहीतरी वस्तू विकत घेणे भाग पडे. रोटरीने अन्य संस्थांना सोबत घेऊन नेट धरला. १९०७ साली सुरू झालेली ही खटपट १९०९ साली फळाला आली.

१९१९ साली कलकत्त्यास आणि १९२९ साली मुंबईस रोटरी क्लब निघाले. १९८५ साली संस्थेने पोलिओविरुद्ध जागतिक मोहीम हाती घेतली. शासन, आरोग्यसेवक व इतर संस्थांसमवेत तिने केलेल्या प्रयत्नांना यश येऊन २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

एवढा मोठा प्रवास घडला तो बाहेरच्या एका माणसाचा नकार मंडळाने ऐकून घेतला म्हणून. गावोगावी नवी मंडळे निघत असतात. आपल्या मंडळाचा गावाला उपयोग काय, हा कार्टरचा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत स्वतःला विचारून घ्यावा, हे बरे.