‘टँक’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी संस्थेने आज्ञा केली. व्याकरणाचे नियम सांगत बसलो तर मागच्या रांगेतील मंडळी पेंगू लागतील, हा इतक्या वर्षांच्या शिकवण्याचा अनुभव आहे. म्हणून चार शब्दांऐवजी मी एकच शब्द घेऊन आपल्यापुढे उभा आहे. इंग्रजीत त्याची अक्षरे चारच आहेत, आणि पहिलीच्या मुलालाही तो ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘टँक’.

आपण म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? टँक म्हणजे टाकी. घराच्या छपरावर असते ती. ठीक आहे. मग मी तीन वाक्ये देतो, त्यांचे मराठी करून पाहा. ‘द व्हिलेज हॅज ॲन ओल्ड टँक.’ ‘द टँक क्रॉस्ड द बॉर्डर.’ ‘द फिल्म टँक्ड.’ ज्या मुलाने ‘टँक म्हणजे टाकी’ एवढेच पाठ केले आहे, तो पहिल्या वाक्यात जुन्या तलावाची जुनी टाकी करील, दुसऱ्यात टाकीला सीमेपलीकडे पाठवील आणि तिसऱ्यात चित्रपट टाकीत बुडवील! पहिल्या वाक्यातील टँक हा गावचा तलाव आहे. दुसऱ्यातील टँक हा रणगाडा आहे. आणि तिसऱ्यात तर ते नामच नाही, ते क्रियापद आहे. चित्रपट साफ पडला, एवढाच त्याचा अर्थ.

हे तीन अर्थ एका शब्दात कसे आले, ते पाहू. आणि इथेच आपल्या भंडाऱ्याच्या मुलांनी कान टवकारावेत. कारण पाण्याच्या अर्थाने हा शब्द इंग्रजांनी प्रथम हिंदुस्थानातच उचलला. गुजरातीत ‘टांकी’ आहे, मराठीत ‘टाके’ आहे. आपल्या गडांवर आणि लेण्यांत खडक खोदून केलेले पाण्याचे टाके असते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी प्रसिद्ध आहेत. दुसरीकडे पोर्तुगीज भाषेत साठवलेल्या पाण्यासाठी ‘तांके’ असा शब्द आहे. पाणी अडवणे अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते लावतात. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर आले आणि हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले, असे कोशकार मानतात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात राहून इंग्रजीत शिरलेल्या शब्दांचा तो कोश आहे, आणि त्यात या शब्दाची चांगली चर्चा आहे. तेव्हा मुलांनो, ज्या शब्दाला तुम्ही परका समजून घाबरता, तो अर्धा तरी तुमच्याच घरचा आहे.

इंग्रजाने मात्र या शब्दाला फार राबवले. आपल्याकडे तलाव वेगळा, बोडी वेगळी, कुंड वेगळे, टाके वेगळे. मशिदीतील वुजूसाठी असलेला तो हौज, आणि त्याच अरबी शब्दाचा मराठी झाला हौद. इंग्रज साहेबाने या सर्वांना एकच नाव दिले, टँक. मुंबईचे गवालिया टँक आपणांस ऐकून माहीत असेल. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव झाला तो तेथील मैदानावर. त्या मैदानाला आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. तलाव बुजून मैदान झाले, पण जुन्या नावात टँक राहिले. हैदराबादला हुसेन सागराच्या बांधावरील रस्त्याला ‘टँक बंड’ म्हणतात. त्यातील ‘बंड’ म्हणजे आपला फारसी ‘बंद’, म्हणजे बांध. दोन्ही शब्द पूर्वेचे आणि नाव इंग्रजी!

आता रणगाड्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पोलादी पत्र्याचे, पट्ट्यांवर चालणारे एक नवे यंत्र गुप्तपणे तयार केले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, ही पाणी वाहून नेण्याची टाकी आहे, असे भासवण्यात आले आणि त्याला ‘टँक’ हे फसवे नाव पडले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत ते प्रथम रणांगणावर उतरले. गुपित फुटले, पण नाव चिकटले ते कायमचे. म्हणजे पाण्याच्या शब्दाने लोखंडाचा वेष घेतला तो केवळ शत्रूला चकवण्यासाठी. मराठीने मात्र येथे स्वतःची बुद्धी चालवली आणि ‘रणगाडा’ असा ठसठशीत शब्द घडवला.

या अर्थाचे नाव निघाले की आपल्या सर्वांना हवालदार अब्दुल हमीद यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूर गावचा हा जवान. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण आघाडीवर, जीपगाडीवर बसवलेल्या तोफेने त्यांनी शत्रूचे पॅटन टँक एकामागून एक निकामी केले आणि त्यातच ते धारातीर्थी पडले. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिले. त्यांच्या पराक्रमाची इंग्रजी हकीकत वाचताना कोणी ‘टँक’चा अर्थ पाण्याची टाकी असा लावला, तर त्या वाचनाला काय अर्थ उरेल?

याखेरीज शब्दाच्या आणखी शाखा आहेत. उन्हाळ्यात गावाला पाणी आणतो तो टँकर. घरामागे असतो तो सेप्टिक टँक. ‘थिंक टँक’ म्हणजे विचार करणाऱ्या जाणकारांची मंडळी. १ जानेवारी २०१५ रोजी स्थापन झालेल्या नीती आयोगाला सरकारचा थिंक टँक म्हणतात. तिथे पाणी नाही आणि तोफही नाही, विचारांचा साठा आहे. क्रियापद झाले की हाच शब्द उलटा फिरतो. ‘टँक अप’ म्हणजे गाडीत इंधन भरून घेणे, आणि नुसते ‘टँक’ म्हणजे कोसळणे. शेअरचे भाव ‘टँक’ झाले, असे वृत्तपत्रात येते ते याच अर्थाने. एकाच शब्दात भरणेही आले आणि रिकामे होणेही आले.

कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच अशी बेभरवशाची. तसे नाही. आपल्या मराठीकडेच पाहा. ‘टाकी’ म्हणजे पाण्याची टाकी, आणि ‘टाकी’ म्हणजे पाथरवटाची छिन्नीही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो, तेव्हा छपरावरची टाकी कोणाच्या डोळ्यांपुढे येते का? ‘टाके’ गडावर असते, आणि ‘टाके’ शिंपी घालतो नि डॉक्टरही घालतो. मराठी बोलताना आपण कधी चुकत नाही, कारण आपण सुटा शब्द ऐकत नाही, संपूर्ण वाक्य ऐकतो. इंग्रजीत मुले चुकतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडून सुटे शब्द पाठ करून घेतले जातात म्हणून.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नाही. आपला जिल्हा तलावांचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी नवेगाव बांधही भंडारा जिल्ह्यातच होता. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले. या तलावांवर आपला धान पिकतो, ढिवर बांधव मासे धरतात, शिंगाडे काढतात. गुरे तिथेच पाणी पितात. या तलावांविषयी जुने कागद मात्र इंग्रजीत आहेत. १९०८ साली आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर इंग्रजीत आहे, आणि त्यात आपला तलाव ‘टँक’ या नावाने बसला आहे.

पुढे मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या कायद्यात कोणता ‘टँक’ सरकारजमा आणि कोणता मूळ मालकाकडे राहील, याची कलमे आहेत. सरकारकडे आलेले तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि त्या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक म्हणू लागले ‘मामा तलाव’. हा कोणाच्या मामाचा तलाव, असे बाहेरचा माणूस विचारतो, आणि आपण हसतो. कारण ‘मामा’चा हा दुसरा अर्थ आपल्याला ठाऊक आहे!

गावच्या कागदांत आणखी दोन नावे भेटतात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही ती आहेत. पाणी घेण्याची, वहिवाटीची, मासे धरण्याची गावातील रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदली जाते. आता पाहा, एका तलावाची हकीकत समजून घ्यायची तर इंग्रजीतील टँक समजला पाहिजे, फारसीतून आलेला मालगुजार समजला पाहिजे, अरबी वळणाचा वाजिब-उल-अर्ज समजला पाहिजे आणि मराठीतील पाळ नि सांडवाही समजला पाहिजे. ज्याला हे वाचता येत नाही, त्याला दुसरा सांगेल तोच अर्थ मान्य करावा लागतो. आणि दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर पाण्याचा हक्क सोपवणे किती महाग पडते, हे शेतकऱ्याच्या मुलाला मी सांगायला नको.

मग हे वाचील कोण? माझे उत्तर असे की, आपलीच मुले हे सर्वांत चांगले वाचू शकतील. घरात उर्दू, बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी, याला पुष्कळ पालक ओझे समजतात. मी तिला पुंजी समजतो. ज्या मुलाला ‘वाजिब’ आणि ‘अर्ज’ घरी कळले, ‘पाळ’ शेतावर कळली, त्याला ‘टँक’ समजायला कितीसा वेळ लागणार? म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, इंग्रजी यावी म्हणून घरची भाषा तोडू नका. आणि मुलाला कपड्यांचा एक जोड कमी करा, पण घरात एक चांगला शब्दकोश आणा. मुलींच्या हातीही तो तितकाच द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तीन साध्या सवयी सांगतो. पहिली, अनोळखी शब्द आला की तो वाक्यात नामाचे काम करतो की क्रियापदाचे, हे पाहा. दुसरी, त्याचे शेजारी पाहा. शेजारी शेत, पाणी, मासे असतील तर टँक म्हणजे तलाव, आणि सैन्य, तोफ, सीमा असतील तर रणगाडा. तिसरी, कोशात पहिलाच अर्थ घेऊन थांबू नका, खाली उतरत जा आणि वाक्यात बसेल तोच अर्थ घ्या. वहीत शब्दापुढे एकच अर्थ लिहू नका. प्रत्येक अर्थासाठी एक वाक्य लिहा. रोज एक शब्द असा लिहिलात तर वर्षाला ३६५ शब्द तुमचे होतील, आणि कोणी ते हिरावून घेणार नाही.

 येत्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या तलावाविषयी पाच वाक्ये इंग्रजीत लिहून आपल्या गुरुजींना दाखवावीत, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.