टाकाऊ कोणाचे, टिकाऊ कशासाठी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय दिला, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो आपला कार्यानुभवाचा तास. करवंटीचे कासव, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे, फुटक्या बांगड्यांचे तोरण, काड्यापेट्यांची आगगाडी. आपल्यापैकी प्रत्येकाने यातले काहीतरी केलेच आहे. तेव्हा पर्यावरण वगैरे शब्द आपल्या कानावर फारसे नव्हते. घरात वस्तूच कमी होत्या आणि त्या लवकर टाकल्या जात नव्हत्या. वाशीत राहणाऱ्यांच्या घरी मार्केटमधून आलेली आंब्याची लाकडी पेटी हमखास असायची. आंबे संपले की ती चपलांचे कपाट व्हायची, नाहीतर उभी करून पुस्तकांची मांडणी. त्याला कोणी कला म्हणत नसे.

मी गेली बावीस वर्षे चित्रकला शिकवते. दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. तिथे आजकाल काय दिसते ते सांगते. आईस्क्रीमच्या काड्या असतात, पण त्या कुणी खाल्लेल्या आईस्क्रीमच्या नसतात. स्टेशनरीच्या दुकानात पन्नासचे पाकीट मिळते, त्यातल्या असतात. कागदी कप कोरे करकरीत. शीतपेयाची बाटली प्रकल्पासाठी विकत आणून रिकामी केलेली. यात मुलांचा दोष नाही. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो, 'उद्या टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी बनवून आणावे', आणि घरातला सुका कचरा सकाळीच गाडीत गेलेला असतो. मग बाबा स्कूटर काढतात.

पुढची पायरी आणखी मजेशीर आहे. त्या बाटलीवर स्प्रेचा सोनेरी रंग बसतो, वर चमकी, बाजूने गोंदाने चिकटवलेले थर्माकोलचे गोळे. आपल्या राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण प्रदर्शनात हे गोळे अजून भेटतात. आठ दिवस ती फुलदाणी टेबलावर राहते आणि मग कचऱ्यात जाते. साधी बाटली भंगारवाल्याने घेतली असती, तिचे पुन्हा प्लास्टिक झाले असते. रंग, चमकी आणि गोंद लागल्यावर तो तिला हात लावत नाही. म्हणजे आपण बक्षीस दिले ते टिकाऊतून टाकाऊ केल्याबद्दल!

म्हणून माझ्या वर्गात मी एक साधा नियम केला आहे. भंगारवाला जे घेतो, ते त्याला द्यायचे. त्यावर त्याचे घर चालते आणि त्या मालाचा पुढचा रस्ता ठरलेला आहे. तो जे घेत नाही, ते आपण घ्यायचे. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटे, ज्यूसचे खोके, उसवलेल्या छत्रीचे कापड, मार्केटमधली कांद्याची फाटकी जाळीदार पोती, एकच उरलेली चप्पल. वेफर्सच्या पाकिटात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही. पण तेच पाकीट धुऊन, उभ्या पट्ट्या कापून, घड्या घालून एकात एक अडकवत नेले तर गोंदाशिवाय घट्ट वेणी होते. सातवीच्या मुलींनी अशा वेण्या शिवून पिशव्या केल्या. त्यातल्या काही तीन वर्षांनंतरही डब्याच्या पिशव्या म्हणून शाळेत येतात.

ही अडकवण्याची, शिवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या गोधडी शिवत होत्या. जीर्ण लुगडी आतल्या थरांत, त्यातल्या त्यात धड असलेले बाहेर, आणि सगळ्यातून जवळजवळ घातलेला धावदोरा. कापड कुठे विरले आहे, कुठे अजून दम आहे, हे बोटांना कळल्याशिवाय गोधडी होत नाही. त्यात आजीचे लुगडे लपत नव्हते. कोपऱ्यातला हिरवा तुकडा कोणाचा, हे घरातल्या पोरांना पाठ असायचे. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. त्यातही हेच आहे. बैल दिसतो आणि सायकलही दिसते. वस्तूचे आधीचे आयुष्य रंगाखाली गाडले की उरते ती फक्त सजावट.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर बोलायचे तर अरविंद गुप्तांचे नाव घ्यावेच लागते. १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस पुण्यात टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर होता. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा कुठून असणार? त्यांनी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली, तिचे तुकडे केले आणि त्यांत काड्यापेटीतल्या काड्या खोचल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. पुलाच्या आणि मोबाइलच्या टॉवरच्या लोखंडात त्रिकोण का असतात, ते दोन पैशांच्या सामानात मुलांना समजले. पुढे २००३ पासून दहाहून अधिक वर्षे ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. त्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, आणि पु. लं.ची आठवण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तके इंटरनेटवर मराठीतही फुकट आहेत. गोष्ट लक्षात घ्या, त्या काड्या पुन्हा सोडवता येतात. आज त्रिकोण, उद्या घर. गोंदाने चिकटवलेली वस्तू एकदाच काहीतरी होते.

दुसरे नाव दूरच्या शहरातले, पण मला ते नवी मुंबईला फार जवळचे वाटते. चंडीगढचे नेकचंद सैनी. फाळणीत घर सुटलेला हा माणूस सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होता. नवे, आखीव शहर वसवण्यासाठी जुनी गावे पाडली जात होती. तिथला राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरशा, विजेचे जुने फ्यूज तो सायकलवरून आणून जंगलाच्या जागेत साठवत गेला. १९५७ च्या सुमारास सुरू झालेले हे काम अनेक वर्षे चोरून चालले होते, कारण जागा सरकारी होती. सापडले तेव्हा पाडून टाकायचे की ठेवायचे, असा प्रश्न आला. लोकांना ते आवडले. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन सर्वांसाठी खुले झाले. नवे शहर बांधताना जे फेकले, त्यातूनच त्या शहराची सगळ्यांत लाडकी जागा उभी राहिली.

आपलेही शहर आखीव. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर सेक्टर उभे राहिले. आपल्यातले कितीतरी जण त्या गावांतले आहेत. अलीकडे विमानतळासाठी १० गावे उठली. त्या घरांतली कौले, जाती, पाटे-वरवंटे, दाराच्या चौकटी, मिठागरातली फावडी, जाळ्यांची शिसे कुठे गेली? आज शहरात भंगारातून घडवलेले फ्लेमिंगो उभे आहेत. कोपरखैरण्यात जुन्या क्षेपणभूमीवर निसर्ग उद्यान फुलले आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण भंगार म्हणजे नुसते लोखंडाचे वजन नव्हे. कोणाच्या हातातून सुटलेली वस्तू आहे, हे माहीत असेल तर तिची कला होते. नाहीतर ती किलोने मोजायची.

आता मुद्द्यावर येते. शाळेच्या जुन्या इमारतीतले लाकडी बाक गच्चीवर रचून ठेवले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भंगारात जाणार आहेत. दुसरीकडे, या मेळाव्याची आठवण म्हणून आवारात संगमरवरी शिला बसवावी, असा एक प्रस्ताव दुपारच्या सभेत येणार आहे. तो मांडणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करते. तरी माझी विनंती वेगळी आहे. त्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली आपली नावे आहेत, शाईच्या दौतींचे डाग आहेत, परीक्षेच्या भीतीने खरवडलेले कोपरे आहेत. शिलेवर जी नावे कोरायची, ती आधीच तिथे आहेत.

मी चार दिवसांपूर्वी वर जाऊन पाहिले. पाय बऱ्याच बाकांचे किडले आहेत, पण वरच्या फळ्या शाबूत आहेत. रंधा मारू नये, पॉलिश नको, फक्त स्वच्छ करून तेलाचा हात द्यावा. त्या फळ्यांची वाचनालयात मांडणी होईल, आणि ती खाचांत आणि स्क्रूवर बसवावी, म्हणजे उद्या जागा बदलली तर सोडवता येईल. आराखडा आताच्या नववीच्या मुलांनी काढावा. आपल्यात दोन जण फर्निचरच्या व्यवसायात आहेत, एकाचा तुर्भ्याला वर्कशॉप आहे. त्यांनी दोन रविवार द्यावेत, बाकीच्यांनी पॉलिशपेपर घेऊन यावे. शिलेसाठी गोळा झालेले पैसे वाचतील, त्यांतून त्या मांडणीत पुस्तके येतील.

सभेत तुम्ही काय ठरवाल ते मला मान्य आहे. फक्त मतदानाआधी जेवणाच्या सुट्टीत एकदा गच्चीवर जाऊन या. जिना तोच आहे, मागचा. आपले नाव सापडते का बघा आणि मग हात वर करा.