एक नाणे, एक तिजोरी
(दिघोरी, जि. भंडारा येथील व्याख्यान)

१६७४ साली राज्याभिषेकसमयी शिवछत्रपतींनी होन आणि शिवराई ही नाणी पाडली. कारण स्वतःचे नाणे ही सार्वभौमत्वाची खूण होय. दुसऱ्याच्या नाण्यावर विसंबण्यातील धोका आखाताने अनुभवला. १९५९पासून तेथे रिझर्व्ह बँकेचा खास आखाती रुपया चाले. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. त्या निर्णयात कतार वा दुबईचा काहीच वाटा नव्हता; त्यांनी त्याच वर्षी रुपया सोडला.

१९९९ मध्ये युरो अवतरला. व्यापार सुलभ झाला. परंतु २०१० मध्ये ग्रीस कर्जात रुतला, तेव्हा त्याला स्वतःच्या चलनाचे अवमूल्यन करता येईना. चलन एक, तिजोऱ्या मात्र वेगळ्या!

मग दिघोरीचा धानउत्पादक आणि मुंबईचा व्यापारी यांना एकच रुपया कसा पुरतो? त्यामागे एक संसद, एक केंद्रीय कोष आणि राज्यांच्या वाट्याची शिफारस करणारा, घटनेच्या २८०व्या कलमान्वये नेमलेला वित्त आयोग आहे. अर्थात राष्ट्रीय चलन आपोआप बलवान होत नाही, हेही १९६६ने शिकविले. आर्थिक शिस्त आणि एकमेकांचा भार उचलण्याची तयारी, हाच चलनाचा खरा आधार होय.