कोयत्यांची नोंद आणि मुलांची पटनोंदणी



पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत बारामतीस येऊन स्थिरावले आणि नाईकांच्या आश्रयाने त्यांची आर्या येथेच बहरली. बाहेरून आलेल्यास सामावून घेण्याची या भूमीची रीत जुनी आहे. आज ती आठवण्याचे कारण वेगळे आहे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या परिसरात कोप्यांचे तळ उभे राहतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडून आलेली ही कुटुंबे पुढचे पाच-सहा महिने बारामती-इंदापूरचीच रहिवासी असतात. त्यांची मुलेही.

१९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांची सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था एकत्र आल्या आणि मुलाने शाळेला साजेसे व्हावे असा हट्ट न धरता शाळेनेच मुलाला साजेसे व्हावे, हे सूत्र त्यांनी मान्य केले. २००५ मध्ये युनेस्कोने समावेशक शिक्षणासाठी राष्ट्रांना मार्गदर्शक तत्त्वे दिली. महाराष्ट्राला हे अपरिचित होते काय? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले, आणि कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली. विचार आपल्याकडे होताच. तो उसाच्या फडापर्यंत मात्र पोहोचला नाही.

मुकादमाच्या वहीत कोयत्यांची नोंद असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. किती कोयते आले, कोणाला किती उचल दिली, हे त्यास तोंडपाठ असते. कोयत्यामागे किती लेकरे आली, हे त्या वहीत कोठेच नसते. पहाटे आई-बाप फडात जातात. दहा वर्षांची थोरली धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखते, पाणी भरते, बैलांना वाढे टाकते. रात्री-अपरात्री वाहन भरावयास आले तर सारेच घर उठते. अशा मुलीस ‘शाळेत का येत नाहीस?’ असे विचारणे सोपे असते. धाकट्याची सोय लावल्याखेरीज तिला उत्तर देता येत नाही. म्हणून तळाजवळची अंगणवाडी ही तिच्या शाळेची पहिली पायरी ठरते.

या मुलांसाठी पूर्वी साखरशाळा निघाल्या. स्वयंसेवी संस्थांनी आणि काही कारखान्यांनी तळावरच वर्ग भरविले. त्यांची हेटाळणी करणे कृतघ्नपणाचे होईल. त्या काळी अनेक मुलांचे वर्ष त्यांनीच वाचविले. पण हंगाम संपला की ती शाळाही संपे, आणि बागायतदाराचे मूल व ऊसतोड्याचे मूल एका बाकावर कधीच येत नसे. तळावरील मुलाला शिक्षण मिळाले, सोबती मिळाले नाहीत.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची काळजी घेण्याची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. दाखला आला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून तो नाकारता येत नाही. मूल वयानुरूप वर्गात बसवावयाचे आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी त्यास विशेष प्रशिक्षण द्यावयाचे. कायदा इतका स्पष्ट असूनही घडते असे की, नाव गावाकडच्या पटावर राहते आणि मूल उसाच्या तळावर. कागदावर ते शाळाबाह्य नसते, म्हणून ते शोधावयासही कोणी जात नाही!

या न शोधलेल्या मुलांतही दिव्यांग मूल सर्वांत मागे पडते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली व समावेशक शिक्षणाचे बंधन घातले. विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात, पण ते पटावरील नावांप्रमाणे फिरतात. ऐकू न येणारे, कोपीच्या दाराशी बसलेले पोर त्यांच्या यादीत कोठून येणार?

मुलांनी गावीच राहावे, यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली गेली. २०२१ मध्ये राज्य शासनाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजनाही संत भगवानबाबांच्या नावाने मंजूर केली. वाट योग्यच आहे. परंतु अगदी लहान लेकरू आईपासून दूर कोण ठेवील? ते तळावर येणारच.

बारामतीत १९६२ पासून महाविद्यालय आहे. आज येथे दूरदूरचे विद्यार्थी शिकावयास येतात. याच तालुक्याच्या सुपे-मोरगावकडील जिराईत पट्ट्याने दुष्काळही पुरेपूर भोगला आहे. पाणी नसले की माणूस घर का सोडतो, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. तरीही ‘त्यांची पोरे आमच्या वर्गात नकोत, अभ्यास मागे पडतो’ असा सूर पालकांतून निघतो. तो दडवून उपयोग नाही. वर्षाच्या मध्यास वर्गात वीस नवी मुले आली तर एकट्या शिक्षकाची त्रेधा उडते, हेही खरेच. तेथे हंगामापुरता जादा शिक्षक हवा. मुलांच्या बोलीस हसणाऱ्यास वर्गातच आवरावयास हवे. आणि शाळा लांब असेल तर सकाळी वाहन हवे. उसाच्या वाहतुकीची आखणी करणाऱ्या कारखान्यास एका गाडीची आखणी जड नाही.

पुढील हंगामासाठी मुकादमांशी करार होतील, तेव्हा कोयत्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखता येईल : मुले किती, वय काय, इयत्ता कोणती, काही व्यंग आहे काय. ती यादी मोळी पडण्यापूर्वी जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती गेली, तर दिवाळीची सुट्टी संपताना त्या मुलांची नावे हजेरीपटावर असतील.