कामाला लागलो, की कामाला लावलं?

आज आमच्या गटाची पाळी आहे. विषय काय घ्यावा यावर दोन बैठका झाल्या, आणि शेवटी ठरलं की भरती. म्हणजे भरतीचे फॉर्म कसे भरायचे ते नव्हे, तर माणूस कामावर घेताना जे शब्द वापरतात ते. त्यातल्या एका शब्दापायी आमच्यातल्या एकीचा पूर्ण हंगाम गेला, म्हणून.

आधी आपल्या बोलण्यातलं बघू. मुलगा नोकरीला ‘लागतो’. वशिल्यानं लागला तर ‘चिकटला’ म्हणतात. पाडव्याला सालगडी ‘धरतात’. बैलही धरतात आणि गडीही. धुण्याभांड्याला बाई ‘लावतात’. आणि आपण? आपण नुसत्या ‘जातो’. कामाला जाते, खुरपायला जाते, वेचायला जाते. आपल्याला कोणी नेमलं असं कोणी म्हणत नाही, आपणही म्हणत नाही. बैठकीत एक आजी म्हणाल्या, चाळीस वर्षं रानात गेले, पण मला कामावर घेतलं असं एकदाही कानावर आलं नाही.

ऊसतोडीला तर माणसाचं नावच पुसलं जातं. मुकादम विचारतो, किती कोयते? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे बाई त्या कोयत्यातली अर्धी, पण उचल मोजून दिली जाते ती नवऱ्याच्या हातात. आणि उचल हा शब्दही नीट बघा. पगार काम केल्यावर मिळतो, उचल काम करायच्या आधी. आधी घेतलेली म्हणून ती फेडायची असते. हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आजारी पडून खाडा झाला तर तोही कापतात. ही भरतीच आहे, फक्त तिला कागद नाही.

आता कागदवाल्या भरतीकडे येऊ. आमच्या गटातल्या एका बाईनं अंगणवाडी मदतनीसाच्या जागेसाठी अर्ज केला. यादी लागली, तिचं नाव पहिलं. आम्ही पेढे वाटले. तिला तोंडी सांगितलं गेलं, तुमची निवड झाली, आता काळजी नको. त्या भरवशावर तिनं आणि नवऱ्यानं मुकादमाला नाही म्हटलं, उचल घेतली नाही. दिवाळी गेली, गावातले कोयते गेले, आदेश काही येईना. चौकशी केली तेव्हा कळलं की ती यादी ‘तात्पुरती’ होती. तिच्या रहिवासाच्या दाखल्यावर हरकत आली होती. रेशनकार्डावर तिचं नाव अजून माहेरच्या गावी होतं. पुढच्या यादीत ती खाली गेली.

चूक तिची एकटीची नाही. ‘तात्पुरती’ हा शब्द आमच्यापैकी चौघींनी वाचला होता आणि कोणीच थांबलो नाही. म्हणून आता आम्हाला पाठ झालंय ते सांगतो. निवड म्हणजे तुम्ही पसंत पडलात. नियुक्ती म्हणजे सहीशिक्क्याचा आदेश निघाला. रुजू होणं म्हणजे तो आदेश घेऊन तुम्ही कामावर हजर झालात आणि तशी नोंद झाली. सोयरिकीत पसंती, साखरपुडा आणि लग्न या तीन गोष्टी आपण कधी एक समजत नाही. पोरगी पसंत पडली म्हणून कोणी घर आवरून बसत नाही. इथं मात्र फसलो. आणि तात्पुरत्या यादीवर हरकत घ्यायला मुदत असते. ती जशी दुसऱ्याला असते तशी आपल्यालाही असते. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची. तोंडी बोललेलं कुठल्याच फाइलीत लागत नाही.

दुसरी जोडी पगार आणि मानधन. पगार हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, त्याचा अर्थ साधा : केलेल्या कामाचे पैसे देणं. मानधन म्हणजे मानाचं धन. ऐकायला गोड आहे. पण अंगणवाडीच्या सेविका, मदतनीस वर्षानुवर्षं भांडतायत ते याच गोड शब्दाशी. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि त्यांना मिळतं ते अजून मानधनच. मानधन घेणारी ‘मानसेवी’, म्हणजे नोकरदार नाही, असा हिशोब. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या सेविकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २५ एप्रिल २०२२ ला न्यायालयानं सांगितलं की ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सेविका आणि मदतनीस दोघींनाही लागू होतो, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच धरायचं. एका शब्दाचा अर्थ लावून घ्यायला बायकांना दिल्लीपर्यंत जावं लागलं.

आशाताईंचं तर नावातच ‘स्वयंसेविका’ आहे. स्वतःहून सेवा करणारी. रात्री दोन वाजता बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी बाई स्वतःहून जाते हे खरं, पण नाही गेली तर जाब कोण विचारतं? ज्याला जाब द्यावा लागतो ते काम, असं आमच्या गटातल्या आशाताईंचं म्हणणं आहे. आम्हाला ते पटतं.

कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, उक्तं, यांवर बोलायला वेळ पुरणार नाही. एवढंच, की उक्तं घेतलं तर किती रानाचं आणि किती पैशांत, हे चार बायांसमोर बोलून घ्या.

आणि आमच्या त्या मैत्रिणीचं. आता तिनं रेशनकार्डावर नाव सासरच्या गावी आणलंय. प्रतीक्षा यादीत ती दुसरी आहे. मुकादम परवा पुन्हा येऊन गेला, किती कोयते विचारत. ती म्हणाली, माझं नाव लिहा, माझी उचल माझ्या हातात द्या, मग बोलू. तो हसला आणि गेला. अजून परत आलेला नाही.